कंटाळ्याआधीचे तीन सेकंद

डॉक्टर फरीदा इनामदारांनी टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा ठेवला. ठेवण्यापूर्वी तो जरासा हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

"रावी, मी आणि आई आलोच हं," त्या म्हणाल्या आणि समिधाला घेऊन शेजारच्या खोलीत गेल्या. मधल्या भिंतीत एक काच होती. इकडून तिकडचं दिसायचं, तिकडून इकडचं नाही.

"पाच मिनिटं," डॉक्टर म्हणाल्या. "नुसतं बघायचं."

समिधाला मनातून हसू आलं. यात काय बघायचं? रावी आता पावणेचार वर्षांची होती आणि गल्लीतल्या तिच्या वयाच्या कुठल्याही मुलापेक्षा स्वच्छ बोलायची. दीपगृह, काजवा, घुबड असले शब्द तिच्या तोंडी असत. काही विचारलं की लगेच उत्तर देई. हट्ट नाही, आदळआपट नाही. बालवाडीच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली म्हणून केवळ समिधा साताऱ्यातल्या या दवाखान्यात आली होती. चिठ्ठीत एवढंच होतं, 'मुलगी गुणी आहे, पण स्वतःहून काहीच करत नाही.'

एक मिनिट गेलं. रावी मांडीवर हात ठेवून डब्याकडे बघत बसली होती. दोन मिनिटं गेली. तिने हात पुढे केला नाही. तीन मिनिटांनी समिधाच पायाची चुळबुळ करू लागली. रावीची नजर घाबरलेली नव्हती, लाजलेलीही नव्हती. गाडीची वाट बघत थांब्यावर बसलेल्या माणसासारखी ती बसली होती. डबा आपलं आपण काहीतरी करील, मग आपण बघू, असं काहीसं.

पाच मिनिटांनी दोघी आत गेल्या.

"डब्यात काय आहे गं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला माहीत नाही," रावी शहाण्यासारखी म्हणाली.

"उघडून बघावंसं नाही वाटलं?"

रावीने आईकडे पाहिलं. सगळे शब्द तिच्या ओळखीचे होते, तरी प्रश्न तिला कळला नव्हता.

डॉक्टरांनी तिला चित्रांचं पुस्तक दिलं आणि समिधाला हळूच विचारलं, "घरी एकतान आहे?"

"आहे."

"कधीपासून?"

"ती सात महिन्यांची असल्यापासून," समिधा म्हणाली.

एकतान बाजारात येऊन तेव्हा पाचसहा वर्षं झाली होती. दिसायला भिंतीवरच्या टीव्हीसारखंच. पण जुना टीव्ही आपल्या तंद्रीत चालायचा, समोर मूल बघतंय की झोपलंय याच्याशी त्याला कर्तव्य नसे. एकतान मुलाकडे बघत असे. त्याच्या वरच्या कडेला भिंगांची एक बारीक पट्टी होती. मुलाच्या डोळ्यांच्या बाहुल्या किती रुंदावतात, पापण्या कितीदा मिटतात, श्वास कसा चालतो, हे सगळं ती पट्टी टिपायची.

मेंदूवर काम करणाऱ्यांना त्याआधी काही वर्षं एक गोष्ट सापडली होती. मन एखाद्या गोष्टीवरून उठायच्या बेतात असलं, की बाहुली किंचित थरथरते आणि पापण्यांची लय मोडते. हे घडतं ते माणसाला स्वतःला कंटाळा आल्याचं कळण्याच्या सुमारे तीन सेकंद आधी. मराठीत कुणीतरी याला 'ओसरखूण' असं नाव दिलं, आणि ते रूढ झालं. एकतान ही खूण पकडायचं आणि त्या तीन सेकंदांत गोष्टीला वळण द्यायचं. झाडामागून ससा यायचा, आवाज बदलायचा, किंवा चित्र नुसतंच संथ व्हायचं. मूल उठायच्या आत त्याला पुन्हा बसवलं जायचं. मुलाला त्याचा पत्ताही नसे.

त्यात भडक काही नव्हतं. जाहिराती नाहीत, मारामाऱ्या नाहीत, भाषा शुद्ध. सुरुवातीला तर बालरोगतज्ज्ञच ते घ्यायला सांगत. समिधाचं काम घरूनच चाले. घाटरस्त्यांवर ड्रोन फिरत, त्यांनी टिपलेल्या उतारांच्या नकाशांतून कुठली दरड सुटायच्या बेतात आहे ते ती शोधायची. त्यात चूक झाली तर रस्त्यावरच्या माणसांचा जीव जायचा. शांत बसणारं मूल तिला वरदानच वाटलं होतं. नवरा सौमित्र चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीवर होता, चार दिवस वर आणि तीन दिवस घरी. घरात तिसरे मोठे म्हणजे सौमित्रचे वडील, आबा. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. एकतान भिंतीवर त्यांनीच हौसेने ठोकलं होतं.

"रिकामा बसलेला मेंदू रिकामा नसतो, समिधाताई," डॉक्टर सांगत होत्या. "बाहेरून काही येत नसलं की मेंदूचे दूरदूरचे भाग एकमेकांशी बोलायला लागतात. आठवणी, कल्पना, 'असं केलं तर काय होईल', हे सगळं त्या बोलण्यातून येतं. लहानपणी या भागांमधल्या वाटा पडलेल्या नसतात. चालून चालून पायवाट पडावी तशा त्या पडतात. आणि चालायला लावतो कोण? कंटाळा. कंटाळा नकोसा असतो म्हणून तर मूल उठतं, डबा उघडतं, भिंत रंगवतं."

"आणि एकतान..."

"एकतान वाईट काही दाखवत नाही. ते फक्त कंटाळा येऊ देत नाही. तुमच्या मुलीला जन्मात एकदाही कंटाळा आलेला नाही."

समिधाने रावीकडे पाहिलं. पुस्तकाचं पहिलंच पान उघडं होतं. पान उलटायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"बरी होईल ना ती?"

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "मी आजवर अशी एकेचाळीस मुलं पाहिली. अडतीस सावरली. कुणाला तीन आठवडे लागले, कुणाला तीन महिने. उरलेली तिघं आली तेव्हा साडेचारच्या पुढे गेली होती. तुमच्याकडे वेळ आहे, पण फार नाही. एकतान आजच उतरवा. आणि घरातले टीव्ही-फोनचे बाकीचे पडदेही, निदान तिच्यासमोर तरी."

आबांना हे अजिबात पटलं नाही.

"आमची पिढी काय टीव्ही बघून बिघडली व्हय?" ते म्हणाले. "आन माझ्या कुस्त्या? त्याबी बंद?"

"तिच्यासमोर बंद, आबा."

"म्हणजे आजार तिला, आन पथ्य मला!"

पण त्यांनीच स्टूल घेतलं, स्क्रू काढले आणि एकतान चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलं. भिंतीवर एक फिकट चौकोन राहिला.

समिधाने मनाची तयारी केली होती. रावी रडेल, लोळण घेईल, जेवणार नाही. त्यातलं काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रावी उठली, दूध प्यायली, रोजच्या जागी जाऊन बसली आणि भिंतीकडे बघू लागली. दहा वाजले, अकरा वाजले. मांडीवर हात तसेच. समिधा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. त्यापेक्षा पोरीने घर डोक्यावर घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

अकराच्या पुढे तिला राहवलं नाही. कामावरून तिने महिन्याची रजा घेतलीच होती. ती रावीच्या समोर जाऊन बसली. गाणी म्हटली, कागदाच्या होड्या केल्या, कणकेचा हत्ती केला, पदर डोक्यावरून घेऊन म्हातारी झाली. रावी खुलली, हसली, टाळ्या वाजवल्या. समिधाला जग जिंकल्यासारखं झालं. मग ती थांबायचीच नाही. रावीचे डोळे जरा इकडेतिकडे गेले की हत्तीला सोंडेऐवजी शेपूट लावायची, आवाज बदलायची. पाचव्या दिवशी तिचा घसा बसला. सहाव्या दिवशी ती आंघोळ करताकरता पुढची सोंगं ठरवत होती.

आठवड्याने दोघी दवाखान्यात गेल्या. रावीच्या कपाळावर केसांखाली पहिल्या भेटीपासूनच एक पातळ पट्टी चिकटवलेली होती. मेंदूचे ते दूरदूरचे भाग एकमेकांशी कितपत बोलतात, त्याची नोंद ती करत असे. डॉक्टरांनी दोन आलेख शेजारी शेजारी ठेवले.

"हा पहिला, त्या दिवशी तिला इथे एकतानसमोर बसवलं होतं तेव्हाचा. आणि हा परवाचा, घरचा. काही फरक दिसतो?"

दरडींचे नकाशे वाचून समिधाची नजर तयार झाली होती. बारीकशी भेगही तिच्या नजरेतून सुटत नसे. फरक नव्हता. दोन्ही रेघा तळाला चिकटून सरळ गेल्या होत्या.

"परवा तुम्ही काय करत होता?"

"तिला रमवत होते," समिधा घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"तिचे डोळे हलले की नवीन काहीतरी काढत होता."

समिधाने दोन्ही आलेख पुन्हा पाहिले. मग म्हणाली, "मीच एकतान झाले."

"प्रेमापोटी झालात," डॉक्टर म्हणाल्या. "पण थांबा आता. तिच्याजवळ राहा, जेवू घाला, जवळ घ्या, तिने विचारलं तर बोला. फक्त तिचा रिकामा वेळ भरू नका. तुमचं काही काम काढा आणि तिच्या शेजारी करत बसा. तिला तुमच्या डोळ्यांसमोर कंटाळू द्या."

ऐकायला किती सोपं! समिधाने तांदूळ निवडले, गहू निवडले, ट्रंकेतले सगळे कपडे बाहेर काढून पुन्हा घड्या घातल्या. रावी दोन हातांच्या अंतरावर बसलेली असे. तिच्याकडे बघायचं नाही आणि तिच्यापासून उठायचंही नाही, यासारखी शिक्षा नाही. शिवाय समिधाला दुसरीच एक गोष्ट कळून चुकली. तिचं तिलाच रिकामं बसता येत नव्हतं. दहा मिनिटं झाली की हात आपोआप फोनकडे जायचा. फोन कपाटात कुलपात होता, तरी हात जायचाच. शेवटी एके दुपारी तांदळाच्या ताटावर बोट तसंच ठेवून ती कितीतरी वेळ खिडकीबाहेरच्या पपईच्या झाडाकडे बघत राहिली, आणि तिला शाळेतली एक मैत्रीण आठवली, जिचं नावसुद्धा तिला गेल्या वीस वर्षांत आठवलं नव्हतं. वाट अशी पडते तर, असं तिच्या मनात आलं. तिने वळून पाहिलं. रावी भिंतीकडे बघत होती.

तेराव्या दिवशी सौमित्र पठारावरून आला. लेकीला खांद्यावर घेऊन फिरवून आणलं, जेवू घातलं. ती झोपल्यावर तो समिधाजवळ येऊन बसला.

"समी, एक विचारू? चिडू नकोस."

"विचार."

"तिला एका गोष्टीत सुख होतं, ते आपण काढून घेतलं. त्याच्या जागी दुसरं काही आलंच नाही तर?"

हाच प्रश्न समिधाही रोज गिळत होती.

"अर्धा तास रोज लावू या का? अर्ध्या तासाने काय होतंय?"

"डॉक्टर म्हणाल्यात, चार आठवडे तरी..."

"मला माहितीये गं," तो म्हणाला. "तरी विचारलं."

दोन दिवसांनी तो परत पठारावर गेला.

सोळाव्या दिवशी समिधाला ऑफिसातून निरोप आला. पसरणी घाटातल्या एका उताराच्या नकाशावर दोन मतं पडली होती आणि जुना नकाशा तिच्या हातचा होता. दोन तासांचं काम. आबा म्हणाले, "जा की. मी हाय न्हवं!" तिने त्यांना दहादा बजावलं आणि ती गेली. काम तिने दीड तासात उरकलं. त्या उतारावरचा रस्ता बंद ठेवायचं ठरलं, आणि ती रिक्षाने परतली.

फाटकातच तिला तो ओळखीचा, गोड, लाघवी आवाज ऐकू आला.

ती धावतच आत शिरली. दिवाणावर, भिंतीला टेकवून, एकतान चालू होतं. पडद्यावर एक ससा लाकडी पूल ओलांडत होता. आरामखुर्चीत आबा डोळे मिटून पडले होते.

"आबा!"

ते दचकून उठले. सुनेचा चेहरा पाहून त्यांनी मान खाली घातली.

"सोळा दिवस, आबा! सोळा दिवस मी जीव मुठीत धरून बसलीये. आणि तुम्ही..."

"मला बघवंना गं, पोरी." त्यांचा आवाज कापत होता. "लेकरू नुसतं भिंतीकडं बघत बसतंय. माझ्यानं न्हाई झालं. म्हटलं घटकाभर हसू दे. तू यायच्या आत काढून ठेवणार हुतो. डोळाच लागला."

समिधाला रडू आवरेना. इतक्या दिवसांचा राग, भीती, थकवा सगळं एकदम वर आलं. ती आणखी काही बोलणार, इतक्यात तिचं लक्ष एकतानसमोरच्या सतरंजीकडे गेलं. सतरंजी रिकामी होती.

"रावी कुठाय?"

आबांनी सतरंजीकडे पाहिलं, मग सुनेकडे. "हितंच तर हुती."

आतल्या खोलीत नव्हती. मोरीत नव्हती. पलंगाखाली नव्हती. समिधाने मागच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. कुणी सांगितल्याशिवाय आजवर रावीने या घराचा एकही उंबरा ओलांडला नव्हता.

मागच्या प्लॉटवर बांधकाम चाललं होतं. पाया भरून झाला होता, वाळूचे आणि खडीचे ढीग पडले होते. आणि सिमेंटवर मारायच्या पाण्यासाठी गवंड्यांनी एक हौद बांधला होता. पुरुषभर खोल, काठोकाठ भरलेला. दुपारच्या जेवणाला कामकरी निघून गेले होते.

समिधा अनवाणी पळाली. मागून आबा धापा टाकत येत होते, "रावे! ए रावे!" हौदाचं पाणी स्तब्ध होतं. समिधाने काठावर गुडघे टेकले आणि आत पाहिलं. पाण्यात आभाळ होतं, आणि तिचा स्वतःचा चेहरा.

तेवढ्यात खडीच्या ढिगापलीकडून 'टक्' असा आवाज आला. मग पुन्हा, 'टक्'.

ती ढिगाला वळसा घालून गेली. रावी उकिडवी बसली होती. फ्रॉक धुळीने माखला होता, एका गुडघ्याला खरचटून रक्त आलं होतं, त्याकडे तिचं लक्ष नव्हतं. समोर चार दगड एकावर एक रचलेले होते. पाचवा गोटा गोल होता. ती तो वर ठेवायची, तो घरंगळून खाली पडायचा. ती उचलायची आणि पुन्हा ठेवायची. 'टक्.'

झडप घालून पोरीला उराशी धरावं, असं अंगातली नस नस सांगत होती. पण समिधा जागच्या जागी उभी राहिली. आबाही मागे येऊन थांबले. त्यांना काही विचारण्याची गरज वाटली नाही.

गोटा आणखी तीनदा पडला. मग रावीने मान वर केली. आईला पाहून ती दचकली नाही, हसलीही नाही. तिच्या कपाळावर एक आठी होती. ती आठी समिधाने त्या कपाळावर कधीच पाहिली नव्हती.

"आई, हा बसत का नाही?"

समिधा तिच्याजवळ खाली बसली. पावणेचार वर्षांत लेकीने तिला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. उत्तर तिच्या जिभेवर होतं. गोल आहे म्हणून, सोन्या. तिने ते गिळलं.

"कोण जाणे," ती म्हणाली. "का बसत नसेल?"

रावी गोट्याकडे बघत राहिली. बराच वेळ. वाट बघणारी नजर ही नव्हती. मग तिने गोटा बाजूला ठेवला, ढिगात हात घातला आणि दुसरा दगड शोधू लागली.

आबा खडीवरच बसले आणि पंच्यासाठी खांद्यावर हात नेला. पंचा तिथे नव्हता. त्यांनी डोळे सदऱ्याच्या बाहीने पुसले.

पंचा कुठे होता, ते घरात परतल्यावर समिधाला दिसलं. एकतान दिवाणावर टेकवून झाल्यावर आबांनी सवयीने खांद्यावरचा पंचा काढून त्याच्या वरच्या कडेवर टाकला होता. भिंगांची अख्खी पट्टी त्याखाली झाकली गेली होती. पडद्यावर ससा पूल ओलांडत होता. पलीकडे पोचला की पुन्हा अलीकडे येऊन तोच पूल ओलांडत होता. समोर कुणाचे डोळेच सापडत नव्हते, म्हणून यंत्र त्या एकाच चित्रावर घोटाळत बसलं होतं.

डॉक्टर इनामदारांनी सगळं ऐकलं, रावीच्या कपाळावरच्या पट्टीची त्या दुपारची नोंद काढून एकतानच्या नोंदीशेजारी लावली आणि चष्मा कपाळावर चढवून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"हे बघा. इथे ससा पहिल्यांदा पूल ओलांडतो. रेघ सपाट. दुसऱ्यांदा, सपाट. नवव्यांदा ही पहिली थरथर. यंत्र आता वळण देईल म्हणून ती थांबली आहे. वळण येत नाही. ही तिची अस्वस्थता. आणि हे..." त्यांनी बोट ठेवलं. तिथून रेघ डोंगरासारखी वर चढत गेली होती. "इथे ती उठली."

"सोळा दिवसांत नाही झालं, ते पंच्याने केलं?"

"असं नका म्हणू. सोळा दिवसांनी जमीन नांगरली. पण एक गोष्ट माझ्याही लक्षात आली नव्हती. रिकामी भिंत या मुलांना काहीच देत नाही, त्यामुळे ती नुसती वाट बघतात. ज्याच्यावर भरवसा ठेवला तेच कंटाळवाणं निघालं, की मात्र उठतात." त्या थांबल्या आणि हसल्या. "ती तिघं अजून माझ्याकडे येतात. त्यांच्या घरी आजच कळवते. भिंगांच्या पट्टीवर फडकं टाका आणि एकतान चालू ठेवा."

महिन्याभरात त्या तिघांतली दोन मुलं उठली. तिसऱ्याला वेळ लागला, पण तेही उठलं. पुढे दवाखान्यातून अशा घरांना पहिल्या आठवड्यासाठी एकतानच्या भिंगांवर चढवायची, शिवलेली कापडी टोपी देऊ लागले. डॉक्टर तिला गमतीने आबांची टोपी म्हणत. आबांना हे कळल्यावर ते गल्लीभर सांगत सुटले. आपण डोळा लागून घोरत पडलो होतो, तेवढं मात्र ते गाळायचे.

समिधा त्यांना एकदा म्हणाली, "आबा, मी त्या दिवशी फार बोलले तुम्हाला."

"बोललीस ते बरुबरच हुतं," ते म्हणाले. "हौदाचं आठवलं की अजून अंगावर काटा येतोय. नशीब आपलं." त्या दुपारनंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनी गवंड्यांच्या मागे लागून, स्वतः उभं राहून हौदावर फळ्या ठोकून घेतल्या होत्या. मग म्हणाले, "पर एक सांगू? तुला त्या ढिगापाशी गप उभी राहिलेली बघितली, तवाच मला कळलं. ते माझ्यानं झालं नसतं."

घराची शांतता त्यानंतर संपली ती कायमचीच. रावी रडू लागली, हट्ट करू लागली, नको म्हणू लागली. भिंतीवरच्या फिकट चौकोनात तिने कोळशाने काहीतरी काढलं, जे कधी म्हैस असे तर कधी आबा. प्रश्नांना तर ताळतंत्रच उरलं नाही. मुंगीला घाम येतो का? सावली ओली का होत नाही? काल कुठे गेला? एका रविवारी सौमित्र डोकं धरून बसला आणि म्हणाला, "वर पठारावर वारासुद्धा एवढा छळत नाही." आणि मग तो आणि समिधा एकमेकांकडे बघून इतके हसले, की आबा काय झालं म्हणून बाहेर आले.

समिधा कामावर रुजू झाली. आता ते पूर्वीसारखं अखंड होत नसे. नकाशाच्या मध्येच कुणीतरी येऊन म्हणे, "मला कंटाळा आला." पहिल्यांदा हे वाक्य ऐकलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. दहाव्यांदा ऐकल्यावर तिने कपाळावर हात मारला. त्यानंतर तिला एक युक्ती सापडली. ती मान न वळवता म्हणायची, "हं. मग?" मागे थोडा वेळ चुळबुळ चाले, सुस्कारे ऐकू येत, पाय आपटले जात. मग ते पाय कुठेतरी निघून जात.

थंडी पडू लागली होती तेव्हाची गोष्ट. सौमित्र घरी होता, अंगणात सायकलची साखळी साफ करत होता. आबा उन्हाला पाठ देऊन बसले होते. समिधाने एक नकाशा संपवला, आळस दिला, आणि तिच्या लक्षात आलं की घरात तासाभरापासून कुणाचा आवाज नाही.

तिला तो हौद आठवला. ती उठून आतल्या खोलीत गेली.

पलंग आणि कपाट यांच्यामधल्या अरुंद जागेत रावीने चादर बांधून आडोसा केला होता. चादरीआडून कुजबुज ऐकू येत होती. एक आवाज बारीक होता, एक जाडा, आणि दोघांचं कशावरून तरी बिनसलेलं होतं. मध्येच बारीक आवाज हसला. जाडा रुसला असावा.

समिधाने चादरीजवळ वाकून विचारलं, "काय खेळतेयस गं?"

कुजबुज थांबली. चादरीच्या फटीतून एक डोळा दिसला. तो तिच्याकडे नीट रोखून बघत होता.

"तुला नाही सांगणार," रावी म्हणाली आणि फट बंद केली.

समिधा दोन पावलं मागे सरली. आत पुन्हा कुजबुज सुरू झाली होती, आता आणखी हळू, मुद्दाम कुणाला कळू नये अशी. तिने दार आवाज न करता ओढून घेतलं, अंगणात आली, आणि सौमित्रने 'काय करतेय ती?' असं विचारल्यावर म्हणाली, "मला काय माहीत!"

आणि हे सांगताना तिला इतकं हलकं वाटलं, की ती तिथेच उन्हात, पायरीवर बसून राहिली.